छोट्या गाडीबरोबर चालणारे बाबा

आमच्या पादरा गावाहून बडोद्याला प्रतापनगर स्टेशनावर येणारी अरुंद रुळांवरची छोटी गाडी इतकी सावकाश निघायची, की माझे बाबा फलाटावरून तिच्याबरोबर चालत बोलत राहायचे. मी बडोद्यात कॉलेजला होते. सोमवारी जायचं, शनिवारी परत. दर सोमवारी खिडकीशी तेच. "डबा वेळेवर खा. पर्स सांभाळ. हात आत घे!" अख्खा डबा ऐकायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. फलाट संपला की ते थांबायचे आणि म्हणायचे, "शनिवारी ये."

ती गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. प्रतापनगरला आता मोठ्या लाइनच्या गाड्या येतात. छोट्या लाइनचं एक इंजिन आणि एक डबा तेवढा रंगवून तिथल्या बागेत मांडलाय.

बाबा आता बडोद्यातच सुभानपुऱ्यात माझ्याकडे असतात. दिवाळीनंतर बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण बाबा उठेनात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता चालले नाहीत तर कायमचे अंथरुणाला खिळतील. मी विनवण्या केल्या, आदळआपट केली. मास्तरकीत जन्म गेलेला माणूस, पण ढिम्म! "पुन्हा पडलो तर?" एवढंच म्हणायचे.

एका रविवारी मी वैतागून त्यांना व्हीलचेअरसकट प्रतापनगरला नेलं. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा इंजिनाकडे बघा म्हटलं. इंजिन दिसलं आणि बाबांना कंठ फुटला.

"सुरुवातीला डभोईकडे या छोट्या रुळांवर बैल डबे ओढायचे, ठाऊक आहे?" हे मी शंभरदा ऐकलं होतं. "आणि हा कसला भडक रंग फासलाय, शी!"

खुर्ची ढकलून माझी कंबर धरली होती. खुर्चीचा ब्रेक लावला आणि डब्यात बसू का, म्हणून राखणदाराला विचारलं.

"बेसो ने बेन, कोण ना पाडे छे!"

त्याची ना नव्हती, तशी मी चढले, खिडकीशी टेकले. सवयीने कोपर बाहेर गेलं.

"हात आत घे!" खालून बाबा गरजले.

मला काय सुचलं कोण जाणे. हात तसाच ठेवून म्हटलं, "ऐकू येत नाही. जवळ या!"

"पन्नाशी उलटली तरी अक्कल म्हणून नाही कार्टीला," असं पुटपुटत त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि चक्क उठले. दोन पावलं लटपटत टाकून डब्याला हात टेकला. राखणदार धावला आणि त्यांच्या पाठीशी हात पसरून उभा राहिला. माझा जीव मुठीत. पण मी पुढच्या खिडकीत सरकले.

"पुढे बोला की," मी म्हटलं.

"काय बोलू? वेळेवर जेवत नाहीस. वाळलीस किती, बघ जरा!"

मी खिडकीमागून खिडकी सरकत गेले आणि ते डबा धरून माझ्यावर खेकसत चालत राहिले. इतक्या आनंदाने मी कधी बोलणी खाल्ली नव्हती.

डबा संपला तिथे बाबा थांबले. त्यांना धाप लागली होती आणि माझे डोळे गळत होते. "शनिवारी ये" म्हणतील म्हणून मी वाट बघत राहिले.

"शनिवारी परत आणशील मला?" बाबांनी विचारलं.