विल्माआत्या आणि ‘मिश्र’ हवामान

‘मिश्र’ या शब्दावर विल्माआत्याचा फार राग. रेडिओवर ‘उद्या मिश्र स्वरूपाची वृष्टी’ असं ऐकू आलं की हातातलं काम टाकून ती रेडिओशीच भांडायची. "मिश्र म्हणजे काय? लोणचं आहे का ते? बर्फ पडणार की पाऊस, तेवढं सांगा ना."

ती माझ्या नवऱ्याची आत्या. पिव्काच्या खोऱ्यात आमची दोघींची घरं कुंपणाला कुंपण लावून. ल्युब्लियानाच्या हवामान कार्यालयासाठी ती एकतीस वर्षं परसातल्या पत्र्याच्या भांड्यात पडलेलं पाणी मोजत होती, रोज सकाळी सात वाजता, मग अंगात ताप असो की घरात पाहुणे. काम फक्त मोजायचं, पण गावानं तिला परस्पर भविष्य सांगणारी करून टाकलं होतं. गवत कधी कापू, गाडीचे टायर कधी बदलू, सगळं तिलाच विचारायचे. आणि टीव्हीवरचा अंदाज चुकला तरी बोल हिलाच. एकदा चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मागच्या बाकावरून कुणीतरी तिच्या खांद्यावर टकटक करून विचारलं होतं, दुपारी बर्फ पडेल का म्हणून.

त्या जानेवारीत पलीकडच्या रूडीला डुक्कर कापायचं होतं. खाटकाला शनिवारच मोकळा होता, समुद्राकडच्या गावाहून रूडीचा मेहुणा येऊन बसला होता, लसूण सोलून तयार होता. शुक्रवारी दुपारी रूडी कुंपणाशी आला आणि म्हणाला, "काय वेधशाळा, उद्याचं काय?"

आत्या सकाळपासून आभाळाकडेच बघत होती. आदल्या दिवशीचा पातळ, दुधी पडदा आता दाट होऊन सगळीकडे सपाट राखाडी पसरला होता आणि नानोस डोंगराचा माथा त्यात बुडाला होता. आमच्याकडे पारा उणे दोनवर. जेवणाच्या सुमाराला खिडकीच्या फळीवर टपटप करत बारीक, पारदर्शक गोळ्या पडल्या. तिनं एक तळहातावर घेऊन नखानं दाबली. फुटली नाही. मग तिनं नानोसवरच्या खानावळवाल्याला फोन केला. आमच्यापेक्षा सहाशे-सातशे मीटर उंचावर तो, पण त्याच्याकडे पारा शून्याच्या वर चार अंश होता आणि पागोळ्या गळत होत्या. फोन ठेवल्या ठेवल्या तिनं मला गाडी झाडाखालून काढायला आणि बादल्या भरून ठेवायला सांगितलं होतं.

"रूडी, नीट ऐक," ती म्हणाली. "समुद्रावरची ऊबदार हवा वर पसरलीय. खाली आपल्या खोऱ्यात गारठा तळाला बसलाय, तो हलायला तयार नाही. वरून निघालेला बर्फ मध्येच वितळतो. खालचा गारठा जाड असेल तर पडता पडता पुन्हा गोठतो, त्या या गोळ्या. उद्या तो थर पातळ झाला की पाणी पाणीच राहील, आणि टेकेल तिथं त्याची काच होईल. फांदीवर, तारेवर, तुझ्या अंगणात."

रूडीनं बराच विचार केला. "म्हणजे शेवटी पाऊसच ना? मग ताडपत्री बांधतो."

आत्यानं डोळे मिटले. "बांध," म्हणाली आणि आत निघून गेली.

शनिवारी पहाटेपासून अगदी शांत, बारीक पाऊस लागला. सात वाजता, पाय घसरू नये म्हणून बुटांवरून लोकरी मोजे चढवून आत्या परसात गेली. भांड्याच्या तोंडावर बर्फाच्या काचेचं झाकण बसलं होतं. ते तसंच छातीशी कवटाळून तिनं स्वयंपाकघरात आणलं, गरम पाण्यात उभं केलं आणि सगळं वितळल्यावर मोजलं. तोवर वीज गेली होती.

खाटकाची गाडी गावाच्या वळणावर घसरून चरात उतरली. तो बिचारा हत्यारांची पिशवी पुढं ढकलत जवळजवळ रांगतच आला. शहाण्या माणसांनी इथं थांबायचं, पण रूडीनं डुक्कर बाहेर काढलंच. चार पावलांवर त्याचे चारी पाय चार दिशांना गेले. त्याला धरायला गेलेला मेहुणा पडला, मेहुण्याला धरायला रूडी, आणि खाटीक काही न धरताच पडला. एवढ्यात बर्फाच्या ओझ्यानं ताडपत्री फाटून खाली आली. वीज नसल्यानं पंप बंद, त्यामुळे डुकराचे केस काढायला कढईत तापवायचं पाणीही नाही.

आत्या खिडकीतून बघत होती. ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मग तिनं चुलीतली राख बादलीत भरली आणि प्रत्येक पावलापुढं मूठभर टाकत निघाली. तीस पावलांचं अंतर, पाव तास लागला. तिथं पोचल्यावर तिनं डुकराच्या गोठ्यापर्यंत राखेची वाट केली, तिघांना उठवलं आणि जनावर आधी आत न्यायला लावलं.

रूडी पायरीवर टेकला, कोपर चोळत म्हणाला, "विल्मा, तू जरा ठासून सांगायला हवं होतंस."

आत्यानं उरलेली राख त्याच्या पायापाशी ओतली. डोक्यावर ओतणार होते, पण स्वतःला आवरलं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

पुढचे दोन दिवस जंगलातून झाडं मोडल्याचे आवाज येत होते, बंदुका झाडल्यासारखे. वीज नवव्या दिवशी आली. महिन्याच्या तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात आत्यानं कार्यालयाला लिहिलं, की ‘मिश्र’ हा शब्द कृपया बंद करावा. उत्तरात त्यांनी निरीक्षणांबद्दल तिचे मनापासून आभार मानले. शब्दाबद्दल अवाक्षर नाही.

फेब्रुवारीत रूडी नवा दिवस ठरवायला आला. रेडिओ ऐक, म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. पण तो फाटकापर्यंत पोचला नाही तोच तिनं खिडकी उघडली.

"गुरुवारी काप. कोरडी थंडी आहे. आणि या वेळी ठासून सांगतेय, ऐकतोयस ना?"

त्यानं वळून न बघता हात वर केला. कापलं मात्र शुक्रवारी, कारण खाटकाला गुरुवारी जमलं नाही. शुक्रवारीही कोरडंच होतं, आणि आत्याला त्याचाही राग आला.