जनावरांच्या डॉक्टराचं पहिलं पुस्तक

पुस्तक लिहायला मला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ आता ते छापून कसं आलं हे सांगण्यात जायलाय! कुणी घरी चहाला बसलं की एक किस्सा निघतो, आणि त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. दवाखान्यातही तसंच असतं. एकजण म्हैस घेऊन आला, की त्याच्या मागं आळीतली सगळी जनावरं आजारी पडतात.

मी सोनपेठला जनावरांचा डॉक्टर. गोष्टी लिहायचा नाद कॉलेजपासूनचा, पण पुस्तक काढावं असं वाटलं ते चाळिशी ओलांडल्यावर. त्या सगळ्या भानगडीत माझ्यासोबत तिघं होते. बायको अनुराधा, ती शाळेत शिकवते. दवाखान्यातले मोईनभाई, कागदोपत्री माझे मदतनीस, प्रत्यक्षात माझे साहेब. आणि परभणीचे साळवेकाका, ज्यांनी शेवटी पुस्तक छापलं.

शेवटी म्हणजे अगदी शेवटी!

*

साळवेकाकांच्या आधी मी पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशनाकडं कथा पाठवल्या होत्या. महिने गेले. फोन वाजला की मी झडप घालायचो, आणि पलीकडं कुणाची तरी शेळी चारा खात नसायची.

खरा फोन आला तेव्हा मी गोदाकाठच्या एका गावात, गोठ्यात होतो. गाय अडली होती. वासराचा एक पाय मागं वळलेला आणि माझा हात खांद्यापर्यंत आत. मोईनभाईंनी मोबाईल बघितला.

"साब, पुण्याचा हाय!"

"लावा माझ्या कानाला!"

संपादकबाई फार सभ्य होत्या. "आत्ता बोलू शकता ना?"

"बोला मॅडम. फक्त पाय सापडत नाहीये."

त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "कथा वाचल्या. माणसं छान उतरली आहेत. पण प्रत्येक कथेचा शेवट जरा ओढून काढल्यासारखा वाटतो."

नेमका तेव्हाच पाय सापडला. मी दोर धरून बसलेल्या मालकाला ओरडलो, "ओढा! ओढा! जोर लावा!"

"मी तसं म्हणत नव्हते," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, "पण सध्या आम्हाला हे पुस्तक करता येणार नाही." फोन बंद.

वासरू बाहेर आलं. गाय त्याला चाटायला लागली. मी हात धुवायचंही विसरून तसाच उभा होतो. मालकानं घाम पुसत विचारलं, "कोन व्हतं हो सायेब?"

"पुस्तकवाले. नको म्हणाले."

त्यानं वाकून वासराची शेपटी उचलून बघितली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या सायेब. कालवड झाली!"

*

साळवेकाका तहसीलमधून कारकून म्हणून रिटायर झालेले. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं प्रकाशन. पलंगाच्या निम्म्या भागावर पुस्तकांचे गठ्ठे, उरलेल्या निम्म्यावर काका. पाहुण्यानं खिडकीत बसायचं.

त्यांनी माझ्या कथा खरंच वाचल्या, आणि दुसऱ्या भेटीत म्हणाले, "छापू. पण तीन कथा काढा."

"कोणत्या?"

"तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतात त्या."

मी तोंड पाडून घरी आलो. अनुराधाला काहीच न सांगता सगळ्या कथा तिच्यापुढं ठेवल्या आणि विचारलं, "समज, तीन काढायच्या झाल्या, तर?" तिनं चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. एका हातानं भराभर बरोबर त्याच तीन बाजूला काढल्या!

"अगं, ह्या तर माझ्या सगळ्यात आवडत्या!"

"माहीत आहे. ह्यांच्यात नुसते तुम्हीच बोलता," ती म्हणाली. "बाकीच्यांत निदान जनावरं तरी दिसतात."

*

मग प्रुफं आली. अर्पणपत्रिका मी फार मन लावून लिहिली होती. "अनुराधास, जिने हे सगळं सोसलं." टाइप करणाऱ्याचं बोट घसरलं की काय, कोण जाणे. छापून आलं, "अनुराधास, जिने हे सगळं सोडलं."

मी लाल पेन शोधायला लागलो. अनुराधानं कागद माझ्या हातातून घेतला, शांतपणे वाचला आणि म्हणाली, "दुरुस्त करायची घाई करू नका. पुढचं पुस्तक लिहायला घेतलंत, तर लागेल आपल्याला."

*

कव्हरसाठी काकांनी ओळखीच्या डिझायनरला सांगितलं. त्यानं चित्र पाठवलं. हिरवंगार कुरण, मागं बर्फाचे डोंगर, आणि मधे काळीपांढरी, लठ्ठ, गळ्यात घंटा बांधलेली गाय!

मोईनभाईंनी चष्मा वर सरकवला. "साब, लय चिकनी गाय हाय. पर हिला आपल्या सोनपेठात आणून बांधली, तर दुपारपस्तोर टिकायची न्हाई."

शेवटी त्यांनीच मोबाईलवर एक फोटो काढून आणला. शेजारच्या गावच्या रंगनाथरावांची लाल कंधारी गाय, चंद्री. बाभळीखाली उभी, मान वळवून कॅमेऱ्याकडं बघतेय, जणू विचारतेय, "काय काम काढलंत?" तेच कव्हर झालं. रंगनाथरावांना एक प्रत भेट दिली. त्यांनी ती उघडली नाही. नुसती कव्हरवरून हात फिरवत बसले.

पुढं काही दिवसांनी मी जनावरांच्या बाजारात लसीकरणाला गेलो. बघतो तर एका झाडाखाली ही गर्दी! मधोमध रंगनाथराव आणि चंद्रीचीच थोरली कालवड. त्यांच्या एका हातात दावं, दुसऱ्या हातात माझं पुस्तक.

"बगा! हिची माय पुस्तकात छापून आलेली हाय! अशी तशी जात न्हाई ही!"

एक गिऱ्हाईक पुढं आलं. त्यानं पुस्तक हातात घेतलं. कव्हर बघितलं, कालवड बघितली, परत कव्हर बघितलं. माझ्या पुस्तकाकडं इतक्या बारकाईनं बघणारा तो पहिलाच माणूस. मी हळूच दोन पावलं पुढं सरकलो!

"चांगलं हाय," तो म्हणाला. "पर आत नुसतंच लिहिलेलं हाय की वो!"

*

प्रकाशन समारंभ सोनपेठलाच, शाळेच्या हॉलमध्ये करायचा ठरला. प्रमुख पाहुणे सेलूचे, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. मला धास्ती एकच, की खुर्च्या रिकाम्या राहतील. पण मोईनभाई आठवडाभर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होते, "शनवारी सायबाचा कार्यक्रम हाय. यायचं. जनावर आणायचं न्हाई."

हॉल भरला! शाल झाली, नारळ झाला. प्राध्यापक बोलायला उभे राहिले. "ग्रामीण जीवनाचं वास्तव," असं ते म्हणाले, आणि त्याच क्षणी दारातून शेळीचा आवाज आला.

एक म्हातारबुवा शेळीला कवेत धरून उभे होते. शेळीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. "सायेब, मला म्हाईत हाय आणायचं नव्हतं. पर तुमचा कार्यक्रम व्हईस्तोर ही दम काढायची न्हाई."

मी शाल अनुराधाच्या हातात दिली आणि बाहेर पळालो. मोईनभाई माझ्या मागं औषधाची पेटी घेऊन. त्यांच्या मागं निम्मे श्रोते! हळूहळू उरलेले निम्मेही आले. हॉलमध्ये प्राध्यापक आणि साळवेकाका दोघंच राहिले. मला वाटलं, संपलं. आता हे रागावून निघून जाणार.

पण प्राध्यापक माइक हातात घेऊन, वायर पुरेल तिथवर, म्हणजे पार पायरीपर्यंत आले. सगळे श्वास रोखून शेळीकडं बघत होते, तेही बघायला लागले. मी औषध पाजलं, मोईनभाईंनी पोट चोळलं. सगळीकडं चिडीचूप. आणि मग शेळीनं असा काही दणदणीत ढेकर दिला, की तो माइकमधून अख्ख्या आळीनं ऐकला!

प्राध्यापकांनी हात उंचावला.

"पुस्तक प्रकाशित झालं, असं मी जाहीर करतो!"

*

आता खरी परीक्षा. पुस्तक निघालं, पण वाचणार कोण? वर्तमानपत्रांना प्रती पाठवल्या, उत्तर नाही. मी रोज मोबाईलवर स्वतःचंच नाव शोधायचो. माझ्याच नावाचा एक फर्निचरवाला सापडायचा.

सेलूच्या एका दुकानदारानं काही प्रती ठेवून घेतल्या होत्या. महिन्याभरानं मी सहज डोकावलो. कथांच्या कपाटात माझं पुस्तक नाही. विचारलं, तर दुकानदारानं दुसऱ्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. 'शेळीपालन' आणि 'चाऱ्याचा मुरघास कसा करावा' यांच्या मधोमध माझी चंद्री मान वळवून उभी!

"गाय दिसली म्हणून तिथं ठेवलं," तो म्हणाला.

मी चिडून साळवेकाकांना फोन लावला. "काका, त्याला सांगा, कथांच्या कपाटात ठेव म्हणून!"

"किती राहिल्यात तिथं?"

मी मोजायला हात घातला. "एकच."

"मग हात लावू नका त्याला!" काका ओरडले.

आणि मग फोन यायला लागले. पहिला फोन मला अजून पाठ आहे. "सायेब, त्या तुमच्या गोष्टीत बैलाच्या खांद्याला सूज येती. त्याला कोणतं मलम लावलं तुमी?"

"अहो, ती गोष्ट आहे!"

"ते कळालं मला. वाचून माझी बायको रडली. पर मलम कोणतं?"

मी मलमाचं नाव सांगितलं. फोन ठेवला, आणि त्या दिवशी दवाखान्यात मी इतका खुश होतो, की मोईनभाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

*

अनुराधानं एक कथा आपल्या आवाजात रेकॉर्ड करून शाळेच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती कुठं कुठं गेली, आम्हाला पत्ता नाही. एवढंच कळलं, की एका गावच्या डेअरीवाल्यानं ती सकाळी दूध घालायच्या वेळी स्पीकरवर लावली. लोकांना आवडली. दुसऱ्या दिवशी परत लावली.

त्या आठवड्यात साळवेकाकांचा फोन आला. "डॉक्टर, प्रती संपल्या. दुसरी आवृत्ती काढायलोय. काही चुका राहिल्या असतील तर लवकर कळवा."

मी आनंदानं दवाखान्याच्या दारात आलो, तर समोर कौसाबाई. त्याच डेअरीच्या गावच्या. पदर खोचलेला, डोळे लाल. मोईनभाईंनी खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

"सायेब, तुमी माझी म्हैस मारली."

जनावरांच्या डॉक्टरानं ऐकावं, असं याहून वाईट वाक्य नाही. मागच्या साली त्यांची म्हैस फार अत्यवस्थ होती. आम्ही दिवसभर तिच्याजवळ बसून होतो आणि ती उठून उभी राहिली होती.

"कधी गेली, मावशी?"

"काल. डेअरीवर. सगळ्या गावादेखत!"

मोईनभाईंच्या लक्षात आधी आलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"मावशी, ती गोष्ट आहे," मी म्हणालो. "तुमची म्हैस तर..."

"म्हैस गोठ्यात हाय, चांगली रवंथ करायलीय! पर नाव माझ्या म्हशीचं हाय, शिंग तिचंच मोडकं हाय, आन् शेवटाला तुमी तिला मारली. काल दोघी-तिघी मला भेटायला आल्या. म्हणायल्या, कौसाबाई, लय गुणाची व्हती."

"अहो, ती मेली म्हणून गोष्टीला वजन येतं."

"आन् म्हशीला वजन न्हाई का?"

मी खुर्ची त्यांच्याकडं सरकवली.

"तुमी तिला वाचवली, सायेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्याच हातानं. मग वाचवलेली कामून मारली?"

मी तिथंच साळवेकाकांना फोन लावला. "काका, एक दुरुस्ती आहे."

"शुद्धलेखन?"

"नाही. म्हैस जिवंत करायची आहे."

पलीकडं पानं चाळल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "करा. आणि जमलं तर गाभण ठेवा. तिसऱ्या आवृत्तीला उपयोगी पडेल!"

शेवटची दोन पानं मी नव्यानं लिहिली. पुस्तक आलं, तशी पहिली प्रत घेऊन मी आणि मोईनभाई कौसाबाईंच्या घरी गेलो. त्या गोठ्यात होत्या. त्यांना वाचता येत नाही. हात पुसून त्या म्हशीशेजारी बसल्या आणि मोईनभाईंना म्हणाल्या, "शेवटचं पान वाचा आधी."

मोईनभाईंनी चष्मा लावला आणि वाचलं. सलाईन संपते. म्हैस कान हलवते. पुढचे पाय रोवते, एकदा पडते, परत जोर लावते आणि उभी राहते.

कौसाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. पान संपलं. त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात टेकला आणि मांडी नीट घातली.

"हां," त्या म्हणाल्या. "आता पयल्यापासून वाचा."