जावेला आलेली कमेंट

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेला मोबाईलवर कुणीतरी एक घाणेरडी कमेंट टाकली आणि आमच्या बजाजनगरच्या घरात दुपारचा स्वयंपाक राहिला. ती साडी नेसायचे व्हिडिओ टाकते. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, दीर कंपनीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले. आणि ज्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही ते माझे यजमान त्या माणसाला शोधून काढायच्या गोष्टी करू लागले.

मला तिचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू? शिव्या खाणाऱ्या बाईचा मला चक्क हेवा वाटला.

कारण मीही ब्लाउज शिवायला शिकवणारे व्हिडिओ टाकते आणि सहा महिने मी रोज असलंच काहीतरी वाचत होते. माझ्या बोलण्यावर, माझ्या काळ्या हातांवर. माहेर चितेगावचं असं एकदा बोलून गेले, तर 'चितेगावची म्हैस मशीनवर बसली' असं आलं. यजमानांना दाखवलं, तर ते जेवता जेवता म्हणाले, "मग बंद कर की. कुणी बळजबरी केली का?" सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय मनावर घ्यायचं त्यात?" त्यानंतर मी कुणाला काही दाखवलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र सगळे आपापला मोबाईल घेऊन हॉलमध्ये बसले. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही पण रिपोर्ट करा. लई जणांनी केलं की अकाउंट उडतं."

मी उघडलं, तर तोच. मोराचा फोटो लावलेला, माझ्यावर रोज गरळ ओकणारा. सांगावं असं अगदी जिभेवर आलं. पण तिच्या रडण्यात वाटा मागितल्यासारखं झालं असतं. मी मुकाट्याने रिपोर्ट केलं.

दोन दिवसांनी अकाउंट उडालं. सासूबाईंनी शिरा केला. जाऊ म्हणाली, "बरं झालं ना ताई, पीडा गेली एकदाची." मी "व्हय" म्हणाले आणि आत जाऊन माझे व्हिडिओ उघडले. त्याच्या सगळ्या कमेंटा त्याच्याबरोबर गेल्या होत्या. मला रडूच कोसळलं. सहा महिने सोसलं, आणि आता दाखवायला काही उरलं नव्हतं. तो हाच होता असं आता सांगितलं असतं तरी कोण खरं मानणार होतं? तिची पीडा गेली. माझी, घरच्यांच्या लेखी, कधी नव्हतीच.

अगदी पहिल्या व्हिडिओखाली तेवढी एक कमेंट शिल्लक होती. जावेची. "ताई, बाही जोडतो त्या मुंढ्याची गोलाई परत दाखवाल का? माझी दरवेळी चुकते. समोर विचारायची भीती वाटते."

त्या मोरवाल्याचं एकेक वाक्य मला पाठ होतं. तिची ही कमेंट मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.