तेलाला विटाळ नाही

आधी मला मागं सरायला सांगितलं. मग बादली ओतली.

फटफटीचं इंजिन तापलेलं होतं. मीच ते नुकतंच चालवून बघितलं होतं. गार पाणी पडताच ते फसफसलं आणि वाफ उठली. हँडल, टाकी, गादी, जिथं जिथं माझा हात लागला होता तिथून पाणी वाहिलं. खाली चिखल झाला. बादली ओतणारा माझा मिस्त्री होता. त्यानंच मला हे काम शिकवलं होतं. ओतायला लावणारे पुण्याचे एक वकील होते. फटफटी त्यांची. दोघंही माझ्याकडं बघत नव्हते.

"मागच्या चाकावर पण घ्या," वकील म्हणाले. "त्यानं चाक धरलं होतं."

मिस्त्रीनं मागच्या चाकावर घेतलं.

मी चिंधी हातात धरून उभा. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की हे लोक माणूस धूत नाहीत, माणूस जिथं जिथं होता ती जागा धुतात.

लोणावळ्यात, घाट चढून आल्यावर मुंबई-पुणे रस्त्याला लागूनच मिस्त्रीचं दुकान. वर पत्रे, पुढं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याचं मोठं पिंप. घाट चढून आलेल्या मोटारी तिथं उकळत यायच्या. ड्रायव्हर आधी पाणी मागायचा, मग विडी पेटवायचा. मिस्त्री आमच्याच गावचा, पाटलाच्या भावकीतला. रेल्वेच्या कारखान्यात कामाला होता, तिथून सुटून त्यानं हे दुकान टाकलं. सगळे त्याला भाऊ म्हणत. मीही म्हणायचो.

मी त्याच गावच्या महारवाड्यातला. माझ्या बापाकडं, आबाकडं, येसकरकी. म्हणजे गावाचं पडेल ते काम. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा न्यायचा, सरकारी माणूस आला तर त्याच्या घोड्यापुढं पळायचं. बदल्यात दारोदार भाकरी. आबानंतर येसकराची काठी माझ्या हातात येणार हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं. मी मराठी चौथी शिकलो होतो. मुंबईच्या गिरणीतला माझा चुलतभाऊ सणाला येताना गावकी सोडा म्हणणारी पत्रकं आणायचा. ती मी वस्तीत मोठ्यानं वाचायचो. म्हातारी माणसं ऐकायची आणि उठून परत गावकीला जायची. मी वाचत राहायचो. अंगात आग भरायची. सकाळी तीच आग घेऊन कुठं जावं हे कळायचं नाही.

म्हणून भाऊ जेव्हा म्हणाला, "हाताखाली येतूस का रं दुकानात?" तेव्हा मला वाटलं, वाट सापडली.

भाऊ लबाड नव्हता. त्याला स्वस्तात हात हवे होते आणि वर पापही नको होतं. म्हणून त्यानं स्वतःपुरतं एक शास्त्र तयार केलं होतं. "तेलाला इटाळ न्हाई," तो म्हणायचा. "घाण्याचं तेल तेली आमाला देतो, आमी खातोच की. आन् इंजनाच्या पोटात इस्तू हाय. इस्तवाला कसला आलाय इटाळ?"

पण पाण्याला विटाळ होता. मोटारीला पाणी लागतं, म्हणून मोटारीच्या तोंडाशी मी जायचं नाही. फटफटीला पाणी लागत नाही, ती वाऱ्यानं गार होते. म्हणून फटफटी माझी. पिंपाला मी हात लावायचा नाही, प्यायचं पाणी घरून आणायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण पहिल्याच दिवशी मला ते पाठ झालं.

शिकवायची त्याची तऱ्हा अशी. तो बाजेवर बसायचा आणि काठीनं दाखवायचा. "त्यो नट. त्यो न्हवं लेका, त्याच्या खालचा." पाना हवा असला की जमिनीवर टाकायचा, मी उचलायचा. परत द्यायचा तर राकेलाच्या थाळीत सोडायचा, तिथून तो घ्यायचा. थाळीतलं राकेल मळ काढायला होतं. भाऊच्या मनात ते आणखी कशालातरी होतं.

तरी मी शिकलो. प्लग काढून काजळी खरवडायची, साखळी ताणून तेल द्यायचं, जुनं तेल गरम असतानाच खाली सोडायचं म्हणजे गाळ सोबत येतो. बोल्ट किती आवळायचा हे मनगटाला कळायला लागलं. काम करताना माझं लक्ष बाजेकडं नसायचं. तेवढा वेळ मी कुणाचाही कोणी नव्हतो.

एक गोष्ट मात्र भाऊनं कधी केली नाही. मी काय करतो हे गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो म्हणायचा, "जा रं, मागं लाकडं रचून ठिव." मी मागं जायचो. गाडी तो द्यायचा.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वकिलांचा गडी त्यांची फटफटी ढकलत घेऊन आला. वकिलांचा लोणावळ्यात बंगला होता, सुट्ट्यांना ते तिथं येत. नवमीला हत्यारांची, गाड्यांची पूजा. फटफटी अंगणात रांगोळीवर उभी करायची होती, आणि ती खालून थेंब थेंब तेल टाकत होती. रांगोळीवर तेल सांडलं तर शोभा जाईल. वकील दुपारी स्वतः येऊन घेऊन जाणार होते.

भाऊ म्हणाला, "बग काय ते. मी बाजारात जाऊन फुलं घिऊन येतो."

मी एकटाच. गळती शोधायची भाऊची रीत मला येत होती. आधी सगळं इंजिन राकेलाच्या चिंधीनं पुसलं, कोरडं केलं. मग वर शंखजिऱ्याची पूड भुरभुरली. इंजिन पांढरं झालं. चालू केलं आणि उकिडवा बसून बघत राहिलो. तेल वाऱ्यानं मागं पसरतं, म्हणून जिथं ओलं दिसतं तिथं गळती असेलच असं नाही. पांढऱ्या पुडीवर पहिली काळी रेघ कुठून निघते ते बघायचं. ती निघाली खालच्या बुचापासून. जुनं तेल सोडायचं ते बूच. कुणीतरी ते आवळून आवळून त्याखालची वायसर, म्हणजे तांब्याची चकती, कडक करून टाकली होती.

तेल भांड्यात काढलं. बूच सोडवलं. वायसर तारेत धरून शेगडीवर लाल होईस्तोवर तापवली. तापवली की तांबं मऊ पडतं, परत नीट बसतं. भाऊ लाल वायसर पाण्यात बुडवायचा. मी पाण्यापाशी जाऊ शकत नव्हतो. दगडावर ठेवली आणि वाऱ्यावर गार होऊ दिली. तशीही चालते. मग पुसून बसवली, बूच आवळलं, तेल भरलं, परत पूड टाकली, परत चालू केलं. इंजिन धडधडत होतं आणि खालची पूड पांढरीच राहिली. मी मागच्या चाकाला धरून वाकलो होतो. मला लय बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मागून कोण आलं ते ऐकू आलं नाही.

"तू कोण रे?"

वकील ठरल्या वेळेआधी आले होते. मागं लाकडं रचायला जायला वेळ नव्हता.

"मी दुकानात काम करतो."

"ते दिसतंय. कुणाचा?"

पुण्याच्या माणसाला हा प्रश्न किती सोपा असतो. कुणाचा. मी सांगितलं.

वकील रागावले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो. त्यांनी इंजिन बंद केलं, चष्मा पुसला आणि भाऊ येईपर्यंत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले. भाऊ फुलांची पुडी घेऊन आला, त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलला. मला ऐकू आलं ते वकिलांचं बोलणं. त्यांना आवाज कमी करायची सवय नव्हती.

"माझं स्वतःचं काही नाही हो. मी हे मानत नाही. पण उद्या ती देवापुढं उभी राहणार. घरात आई आहे."

"साहेब, तेलाला तर इटाळ..."

"तेलाचं मला सांगू नका. हात लागलाय ना? मग धुवून द्या."

भाऊ पिंपाकडं गेला. एवढंच त्याचं शास्त्र टिकलं.

बादली ओतून झाली. वकिलांनी फटफटी पुसून घेतली, किक मारली. नाही. परत मारली. परत. कपाळाला घाम आला. भाऊ वाकला, बघितलं.

"मॅग्नेटोत पाणी गेलं. ठिणगीच पडंना."

"मग काढा ते पाणी."

भाऊनं बाजेकडं बघितलं, मग माझ्याकडं. फटफटीचं काम माझं, त्याची सवय गेलेली. "ये रं. खोल."

मी गेलो नाही. विचारलं, "आन् खोलून बशिवल्यावर?"

"बशिवल्यावर काय?"

"परत धुनार?"

भाऊनं वकिलांकडं बघितलं. वकिलांनीच उत्तर दिलं. समजूतदारपणे दिलं.

"या खेपेला नुसतं शिंपडू. आत जाणार नाही असं."

मला तिथं सगळं स्वच्छ दिसलं. मी दुरुस्त करायचं, त्यांनी धुवायचं, तिनं बंद पडायचं, मी परत दुरुस्त करायचं. या फेऱ्यात मी म्हातारा होणार होतो. आणि वकिलांना वाटत होतं, शिंपडणं म्हणजे सवलत.

"न्हाई," मी म्हणालो.

"काय न्हाई?" भाऊ.

"हात लावनार न्हाई."

"लेका, सनाच्या तोंडावर नाटकं करू नगंस. आबाला काय सांगशील?"

"तुमी माज्या कामावर पानी वतलं. आता तुमीच खोला."

वकील भाऊला म्हणाले, "यांच्या डोक्यात कुणीतरी भरवून दिलंय." जणू माझ्या डोक्यात आपोआप काही येऊच शकत नाही.

मी चिंधी खाली ठेवली आणि रस्त्यावर आलो. जाताना मागं वळून बघितलं. भाऊ बाजेवरून पाने काढून गुडघ्यावर बसला होता. नंतर कळलं, त्याला वेळ लागला, पण त्यानं मॅग्नेटो खोललं, सुकवलं, गाडी चालू केली. मी नसलो म्हणून काही अडलं नाही. हे सांगायला हवं. पत्रकांतला माणूस नाही म्हणतो आणि जग थांबतं. माझं थांबलं नाही. फटफटी दुसऱ्या दिवशी रांगोळीवर उभी राहिली, तिच्यावर झेंडूची माळ पडली, आणि खाली तेलाचा एक थेंबही पडला नसणार. माझ्या हातानं थांबवलेलं तेल.

दसरा झाल्यावर भाऊ गावात आला. महारवाड्याच्या हद्दीबाहेर उभा राहून त्यानं हाक मारली. आबा पुढं, मी मागं.

"आबा, पोराला धाड परत," भाऊ म्हणाला. "मी मागल्या बाजूला पत्रा ठोकून देतो. त्याच्या आड बसून काम करू दे. गिऱ्हाइकाला दिसायचं न्हाई, कटकट न्हाई. हात लय चांगलं हायती त्याचं."

आबा माझ्याकडं वळला. डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. "जा की. पत्र्याआड सावली आसती. येसकराला उन्हात पळावं लागतंय."

त्या एका वाक्यानं मी जवळजवळ मोडलो. आबाचा गुडघा सुजलेला असतो. त्याला माझ्यासाठी स्वातंत्र्य नको होतं, सावली हवी होती. आणि भाऊ खरंच माझ्या भल्याचं बोलत होता, हाच तर सापळा. दोन्ही बाजूंनी माया, आणि मधे पत्रा.

"भाऊ," मी म्हणालो, "हात चांगलं हायती, आन् हाताचा मानूस पत्र्याआड?"

"गिऱ्हाईक तुटतंय रं. मी काय करू?"

"मी अंगनात बसून काम करीन. सगळ्यांम्होरं. न्हाईतर करनार न्हाई."

भाऊ म्हणाला, "मग कर येसकरकी," आणि निघाला.

तीही मी करणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी पाटलाकडून बोलावणं आलं, कुणाचा तरी बैल मेला होता. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. आबानं माझ्याकडं बघितलं, काठी घेतली आणि लंगडत स्वतः गेला. मी उठून त्याला थांबवलं नाही, त्याच्या जागी गेलोही नाही. लोक म्हणतील, हा कसला स्वाभिमान, बापाच्या गुडघ्यावर उभा असलेला. मला तो गुडघा रोज दिसतो.

देहूरोडला लष्कराच्या डेपोत गाड्यांच्या कामाला माणसं घेतात, असं ऐकतो. मी तिथं जाणार आहे. घेतील की नाही ठाऊक नाही. तिथंही कुठं तरी पिंप असेल, कुठं तरी पत्रा असेल. मी आशा घेऊन चाललेलो नाही.

एवढंच ठरवलं आहे. यापुढं कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी मी जात सांगेन. दुकानाच्या मालकाला नाही, ज्याची गाडी त्याला, तोंडावर, मोठ्यानं. ज्याला ती नंतर धुवायची असेल त्यानं आपली गाडी तशीच ढकलत न्यावी. उपाशी राहीन, आबाचे शिव्याशाप घेईन. पण मला लपवून माझं काम यापुढं कुणालाही मिळणार नाही.