दार लावलंय आतून

मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो. वाक्य बरं वाटतं, संगमरवरावर कोरण्यासारखं. पण लिहून झाल्यावर मोजून पाहिलं, तर दोनदा निघालं. (रजेचे अर्ज मी धरत नाही, ते कुणीच धरत नाही.) तर दोनदा. आणि हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं, पण लग्नच केलं नाही. मित्राला सांगितलं असतं — तर अडचण नेमकी तीच आहे. म्हणून तुम्हाला सांगतो.

कुठून सुरू करू? टेपपासून करतो. तिथून सोपं जाईल.

घोडेगावच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. मागच्या बाजूला एक खोली होती, तिच्यात राहायचो. वाचनालयाला कुणा देणगीदाराने डबल कॅसेटचा टेप दिला होता, गावात होणारी भाषणं जपून ठेवायला. ती मी जपत असे. वक्त्याच्या खाकरण्यासकट भाषण टेप होई, कॅसेटवर वाचनालयाचा शिक्का बसे, नोंदवहीत नंबर पडे. मला या सगळ्याचं हसू येई आणि ते लपत नसे; त्यामुळे सत्कार कुणाचाही असो, मला मागच्या रांगेत बसवत. ह्याला काहीच आवडत नाही, अशी गावात माझी ओळख होती. ती मी पुष्कळ मेहनतीने कमावली होती.

आणि मग मला एक गोष्ट आवडली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्यात एका पुस्तक प्रदर्शनाबाहेर चौघेजण टेबल मांडून स्वतःच काढलेली कॅसेट विकत होते. बँडचं नाव ‘पाचवा बाक’. होते चौघंच, पाचवा का, ते कव्हरवर लिहिलेलं नव्हतं. टेबलापाशी दुसरं कुणी नव्हतं आणि तसंच निघून जायला संकोच वाटला, म्हणून मी कॅसेट घेतली. खोलीवर येऊन लावली. एक गिटार, एक पेटी, आणि गाणाऱ्याचा आवाज असा, की शाळेच्या गॅदरिंगमध्येही त्याला मागे उभं केलं असतं. यमकं लंगडी. एका गाण्यात तर ऱ्हस्व-दीर्घाचा पार बोऱ्या वाजलेला.

त्या आठवड्यात मी ती कॅसेट चौदा वेळा ऐकली.

का? नीट सांगता येत नाही. गाणी धड प्रेमाचीही नव्हती. भाड्याची खोली, न टाकलेलं पत्र, उतू गेलेलं दूध. शेवटच्या गाण्याचं नाव ‘दार’. त्यातला माणूस म्हणतो, कप दोनच आहेत, त्यातला एक फुटका. आता — माझ्याकडे दोनच कप होते. त्यातला एक फुटका होता. हसू नका. म्हणजे हसा, पण पुढे ऐका.

चांगला कप भिवाचा असे. भिवा तळेघरचा, वर डोंगरात एका वाडीच्या शाळेवर गुरुजी होता. घरी भात आणि नाचणी, बोलणं मोजकं. दर रविवारी मैलभर चालून, मिळेल ती एसटी धरून पुस्तक बदलायला खाली यायचा. पुस्तक बदलायला दहा मिनिटं लागत आणि परतीची गाडी चारला. मधला सगळा वेळ माझ्या खोलीत. एका रविवारी मी त्याला ती कॅसेट ऐकवली — थट्टा म्हणून, असं दाखवत. तो हसला नाही. गाणं संपल्यावर म्हणाला, “ह्यांना कुनी सांगितलं, राव?”

“काय?”

“आमच्या घरचं.”

त्यानंतर दर रविवारी. आम्ही फारसं बोलत नसू. तो शाळेच्या वहीत गाणी उतरवून घ्यायचा, मी शुद्धलेखन तपासायचो. एखाद्या माणसासोबत गप्प बसता येणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेल तर पुढचं समजेल. नसेल तर मी समजावू शकणार नाही. सोमवार ते शनिवार मी लोकांना पुस्तकं देत होतो. जगत होतो ते रविवारी.

आंबेगाव तालुक्यात ‘पाचवा बाक’चे चाहते एकूण तीन. तिसरी सिंधू. डिंभ्याला नर्स होती, घर राजुरीचं, बापाची चांगली बागायत. भिवाशी तिची ओळख एसटीत झाली. त्याने तिला वही दाखवली. त्यामुळे तिने गाणी आधी वाचली आणि मग ऐकली. गुरुवारी तिची घोडेगावात मीटिंग असे, तेव्हा ती वाचनालयात डोकवायची आणि मी कॅसेट लावायचो. “भाऊ, ह्याला पडसं झालंय का?” म्हणायची, आणि पुन्हा लावा म्हणायची. दुसरी बाजू लागेपर्यंत तिची गाडी येई. ‘दार’ तिने ऐकलंच नव्हतं. आणि ते एकच गाणं भिवाने वहीत उतरवलं नव्हतं. बहुधा ते त्याला फार जवळचं वाटलं असावं.

मग एका रविवारी भिवा आला तो पडलेल्या चेहऱ्याने. सिंधूच्या बापाने स्थळ पाहिलं होतं. पुढच्या महिन्यात सुपारी फोडणार होते. ती बसमध्ये त्याला सरळ म्हणाली, गुरुजी, एखाद्या रविवारी तळेघरला येते, तुमचं घर बघते. आणि हा म्हणाला, नका येऊ. तिथं काय हाय बघायला?

“तोंडातनं गेलं, भाऊ,” भिवा म्हणाला. “पुढच्या पडवीत गुरं बांधतो आमी, तेच डोळ्यापुढं आलं.” मग कप खाली ठेवला. “मला बोलता येत न्हाई. तुमी त्यांना ‘दार’ भरून द्या. ऐकलं की कळंल.”

खरंच कळलं असतं. गाण्यातला माणूसही आधी हेच म्हणतो. येऊ नकोस, म्हणतो. दार लावलंय आतून, म्हणतो. मग गिटार थांबतं, आणि अगदी शेवटी, जवळजवळ बोलल्यासारखं येतं — नुसतं लावलंय. कडी नाही. संपलं. अख्खं गाणं त्या एका वाक्यासाठी होतं.

कोरी कॅसेट नव्हती. वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या भाषणाची एक होती, प्रमुख पाहुण्यांची. तिच्यावरच भरायला घेतलं. गुरुवारची दुपार. ‘आतून’ हा शब्द आला आणि वीज गेली. वीज जाताना टेप एकदम थांबत नाही; मंदावत, रेंगाळत थांबतो. वीज परत आली तेव्हा चार वाजले होते आणि सिंधू दारात उभी होती, गाडीच्या घाईत. मी कॅसेट तशीच दिली. पुढच्या खेपेला नीट भरून देऊ, असं मनात होतं. इथवरचा दोष वायरमनचा.

मधल्या रविवारी भिवाने विचारलं, मी ‘दिली’ म्हणालो. पुढच्या गुरुवारी ती आली. बसली नाही.

“भाऊ, ही गुरुजींनीच द्यायला सांगितली ना?”

“हो.” हे खरं होतं.

“शेवटाला त्या गाणाऱ्याचा आवाज कसा चिरकतो. रडू फुटल्यागत. आन् मग एकदम कोन पावणं भाषणच कराया लागतात.” ती हसली. मग हसणं थांबलं. “गाणं तिथंच संपतं का? दार लावलंय आतून — तिथंच?”

टेप टेबलावर होता. मूळ कॅसेट खणात. वीज होती. अर्ध्या मिनिटाचं काम.

तुम्हाला वाटेल, माझं तिच्यावर मन होतं. असतं तर बरं झालं असतं. निदान कारण तरी शोभेसं असतं. तसं काही नव्हतं. माझ्या डोळ्यापुढे होता कप — चांगला कप. ती एकदा तळेघरला गेली की भिवाचे रविवार कुणाचे? लग्न झालेला माणूस पुस्तक बदलायला मैलभर चालत येतो का? आला तरी चार वाजेपर्यंत बसतो का? एवढंच. एवढ्यासाठी.

मी म्हणालो, “हो. तिथंच.”

“बरं,” ती म्हणाली. कॅसेट पदराने पुसून पिशवीत ठेवली. “गुरुजींनी स्पष्ट सांगितलं ते बरं केलं.”

ही पहिली वेळ.

त्या रविवारी मी चहाचं आधण ठेवलं आणि भिवा आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. त्याच्या पुढच्याही. चार रविवार मी दोन कप मांडून बसलो. तो का येत नाही, हे मला कळायला इतका वेळ लागावा? तो तळेघरच्या फाट्यावर उभा असे, खालून येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी. ती येईल म्हणून. माझे रविवार वाचवायला मी खोटं बोललो, आणि त्या खोट्यानेच ते फाट्यावर नेऊन उभे केले. मी इतकी पुस्तकं वाचली आहेत. त्यांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही.

पाचव्या रविवारी तो आला. तिकडे सुपारी फुटली होती.

“आल्या न्हाईत,” म्हणाला.

मी दोन्ही कपांत चहा ओतला.

“त्यांनी ऐकलं का पन?”

“ऐकलं.”

“सगळं?”

अजूनही वेळ होती का? सुपारी फुटली म्हणजे लग्न लागलं असं नव्हे. मी सांगू शकलो असतो. तो मला बोलला नसता, एवढंही मला माहीत होतं. तो नुसता उठून गेला असता. मी म्हणालो, “सगळं.”

ही दुसरी.

त्या दिवशी त्याने फुटका कप उचलला. मुद्दाम की चुकून, मी अजून ठरवू शकलेलो नाही. टेप लावू का विचारलं तर नको म्हणाला. वर्षभरात बदली मागून जुन्नरच्या पलीकडे गेला. एक पोस्टकार्ड आलं, शाळा बरी आहे, वाचनालय नाही. मी उत्तर लिहायला बसलो, पण खरं सोडून काय लिहायचं ते सुचेना. पत्र टाकलं नाही. पुढे त्या चौघांचा बँडही मोडला, असं कानावर आलं.

दहाएक वर्षांनी सिंधू वाचनालयात आली. केस पिकू लागलेले, संसार ठीक, असं म्हणाली. पिशवीतून कॅसेट काढली. “घरात आता टेपच न्हाई. शिक्का वाचनालयाचा हाय, म्हटलं परत करावी.” मग जरा थांबून म्हणाली, “लई ऐकली, भाऊ. त्या एका शब्दासाठी. तसं कोनी पुन्हा रडलं न्हाई.”

ते कुणी रडलेलंच नव्हतं. ते वीज जाणं होतं.

“मी त्या रविवारी गाडीत बसनारच व्हते,” ती म्हणाली. “बरं झालं. शोभा टळली.”

मूळ कॅसेट तेव्हाही खणात होती. मी तिला पाणी विचारलं. ती पाणी प्यायली आणि गेली. गप्प बसणं धरलं, तर तीनदा.

मूळ कॅसेट अजून चालते. ‘कडी नाही’ स्वच्छ ऐकू येतं, एकट्याला लागतं त्याहून जास्तच मोठ्याने. परत आलेली मी नोंदवहीत जमा केली, जुन्याच नंबरावर, आणि कपाटात ठेवण्याआधी एकदा लावून पाहिली. ‘आतून’ चिरकतो. मग थोडी खरखर. मग प्रमुख पाहुणे म्हणतात, मी आपला फार वेळ घेणार नाही. त्यानंतर ते अकरा मिनिटं बोलतात. विषय वृक्षारोपण.