कृष्णेच्या पाठवणीचं गाणं

मी वाईची. कृष्णेच्या घाटावर धुणं आपटत मोठी झाले आणि त्याच नदीच्या काठानं खाली, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात नांदायला आले. तेव्हा कृष्णेवर माझा दोन्हीकडून हक्क आहे, असं मी कुणालाही तोंडावर सांगते. शाळेतली नोकरी संपली तेव्हा घरच्यांना वाटलं, बाई आता देवदेव करतील. मी मोबाइल पिशवीत टाकला, एसटीचं अर्धं तिकीट काढलं आणि कृष्णेची गाणी गोळा करायला निघाले.

बायका गाणी देत नाहीत म्हणणाऱ्यांना विचारायची रीत माहीत नसते. ‘तुम्हाला लोकगीतं येतात का’ असं विचारलं की कुणालाच येत नाहीत. मी घाटावर बायकांत जाऊन बसायची आणि मला येणारी ओवी मुद्दाम चुकवून म्हणायची. मागून कुणीतरी बोलायचंच, “आवं बाई, असं न्हाई ते.” मग ती बरोबर म्हणून दाखवायची, दुसरी तिला दुरुस्त करायची, आणि दोघींचं भांडण लागेपर्यंत माझ्याकडे चार ओव्या जमलेल्या असायच्या. अशी मी माहुली केली, कऱ्हाड केलं, औदुंबर केलं. औदुंबरच्या अलीकडे एका बाईनं भांडी घासता घासता ही ओवी म्हटली:

माझ्या माहेरचं पानी माझ्या दारावरनं जातं,
माझा निरूप माघारी उलटा कोन नेतं?

मी वाईची लेक, मला ते ऐकून भरूनच आलं. तिनं मला चहा पाजला आणि वर आणखी दोन ओव्या दिल्या.

एक गाणं मात्र कुठंच पुरं मिळेना. पूर आला की कृष्णामाई माहेरपणाला आली, असं आमच्याकडे म्हणतात. लेक आली की तिची ओटी भरायची, गोड बोलायचं आणि पाठवणी करायची, म्हणजे ती मागं सरते. या पाठवणीचं एक गाणं आहे. ज्या त्या गावात बायका त्याची पहिली ओळ सांगायच्या आणि पुढे अडायच्या. शेवटी एकीनं माझं गाव विचारलं, घर विचारलं आणि ती हसतच सुटली. “आवं, ते गाणं तुमच्या थोरल्या जावंकडं हाय की. आमाला काय विचारता?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. नोकरीमुळं आमचं बिऱ्हाड कायम तालुक्याला, त्यामुळं पुरात मी गावात कधी नव्हतेच. तडक घरी आले आणि थोरल्या जाऊबाईंसमोर, म्हणजे आमच्या आक्कांसमोर, मोबाइल धरला. त्या भाकरी थापत होत्या.

“कोरड्यात म्हनत न्हाईत ते,” त्या म्हणाल्या. “तिला वाटंल, बोलवायला लागल्यात.”

“मग कधी म्हणायचं?”

“पानी वेशीला लागंल तवा. पान्यात हुबं ऱ्हाऊन.”

“म्हणजे मी आता पुराची वाट बघायची?”

“बघू नको. तुझं गाणं मोठं का गाव?” आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली आणि विषय संपला. आमच्या घरात माझं तोंड बंद करणारी ती एकच बाई.

त्याच हिवाळ्यात थोरले दीर गेले. आक्का फार बोलेनाशा झाल्या. हळदीकुंकवाची बोलावणी आली की त्या आपणहून आत जाऊन बसायच्या, आणि बोलवायला आलेल्या बायकांनाही ते सोयीचं वाटायचं. मला याची चीड यायची आणि मी ती बोलून दाखवायची. “तू गप,” एवढंच त्या म्हणायच्या.

श्रावणात पाणी चढलं. धरणाचे दरवाजे उघडल्याचे मेसेज सकाळपासून येत होते, खालच्या आळीनं भांडीकुंडी शाळेत हलवली होती. दुपारी पाणी वेशीला लागलं आणि बायका ओटीचं ताट घेऊन आमच्या दारात आल्या. गावात पहिली ओटी आमच्या घरची, थोरल्या सुनेच्या हातची, असा मान आहे. त्या बायकांनी ताट माझ्यापुढे धरलं. “धाकल्या बाई, आता मान तुमचा.”

आक्का आत लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. माझं डोकंच फिरलं. हे ताट आज मी घेतलं तर आक्कांना पुन्हा कुणी पाण्यावर नेणार नाही, हे मला लख्ख कळत होतं. त्या घरात बसणार आणि गाणंही त्यांच्याबरोबर घरातच बसणार. मी ताट घेऊन उंबऱ्यावर ठेवलं. “मी नाही भरणार. ज्यांचा मान आहे त्या भरतील.”

“बाई, पानी वाढाय लागलंय,” एक म्हातारी म्हणाली. “आन त्यांच्या हातची चालती व्हय?”

“ज्यांना चालत नसेल त्यांनी घरी जावं,” मी म्हटलं. कुणी गेलं नाही. मी आत गेले आणि आक्कांच्या पुढ्यातला लसूण बाजूला सारला. “उठा. नदीला तुमची ओटी चालत नाही, असं नदीनं सांगितलंय का?”

“नदीचं काय न्हाई गं,” आक्का हळू म्हणाल्या. “गाण्याचं हाय. शेवटची ओवी कुंकवाची हाय. माझं कुंकू राख, असं म्हनायचं असतं. तिच्याम्होरं हुबी ऱ्हाऊन मी आता काय मागू?”

“शेवटची सोडून द्या,” मी कशीबशी म्हटलं.

“अर्धं गाणं म्हनत्यात व्हय? लेकीला अर्ध्या वाटंत सोडत्यात?” त्या एकदम चिडल्या, आणि चिडल्या तशा उठल्याच. “चल. गाव बुडाय लागलंय आन हिचा हट्ट सरंना.” ताट त्यांनी स्वतः उचललं. मी मोबाइल चालू करून शेजारणीच्या हातात दिला.

वेशीपाशी गुडघाभर गढूळ पाणी होतं, त्यात कुणाच्या तरी रानातला ऊस मुळासकट वाहत येत होता. मी आक्कांचं कोपर घट्ट धरलं. बायका मागं उभ्या राहिल्या. आक्कांनी एक ओळ म्हणायची आणि मागच्यांनी ती झेलायची, अशी रीत.

आली आली किस्नाबाई, वेशीला लागलं पानी,
वटी घे गं माज्या लेकी, फिर माघारी, हो शानी.

खण घे गं, नारळ घे, घे गं तांदूळ पसाभर,
नको नेऊस पाळना, नको लेकराचं घर.

त्यांनी ओटी पाण्यात सोडली. मग थांबल्या. वाटलं, इथंच संपवतील. पण त्यांनी पदर डोक्यावर नीट ओढला आणि आवाज चढवला:

जाता जाता किस्नाबाई, एक ऐक माजी हाक,
माझ्या जावंच्या कपाळीचं कुंकू तेवढं राख.

मागून त्या मघाच्या म्हातारीनं ओळ झेलली, तिच्यापाठोपाठ सगळ्यांनी. जावेशी बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेल्यासुद्धा म्हणत होत्या, माझ्या जावंच्या कपाळीचं. मी ढसाढसा रडत होते.

“रडतीस काय?” आक्का खेकसल्या. “वळ झेल.”

पण मी कशी झेलू? माझ्या जावेच्या कपाळाला कुंकूच नव्हतं. म्हणून मी ओळीतलं कुंकू गाळलं आणि माझ्यापुरतं म्हटलं, किस्नाबाई, माझ्या जावेला राख.