बर्फासाठी काढलेलं जम्मूचं तिकीट

एकोणपन्नासाव्या वर्षी बर्फावर घसरायला शिकायचं ठरवलं, त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. ते लोकांना सांगायची वेळ आली तेव्हा वाटलं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने गुलमर्गला नवशिक्यांचा स्कीइंगचा कोर्स शोधला आणि मला विचारलं, "येतेस?" मी हो म्हटलं आणि लगेच कामाला लागले. रेल्वेनेच जायचं, हा माझा हट्ट. पेणहून मेमू लोकलने पनवेल, तिथून टॅक्सीने वांद्रे, वांद्र्याहून जम्मू, पुढे कटऱ्याहून श्रीनगरची गाडी. नागोठण्याला कंपनीचं कँटीन मी बघते. तिन्ही शिफ्टची जेवणं वेळेवर लावणाऱ्या बाईला गाड्या जुळवणं अवघड नाही.

संध्याकाळी गच्चीवर गुडघे वाकवून चालायचा सराव करायचे. लेक व्हिडिओ कॉलवर ओरडायची, "आई, पाठ सरळ! पापड लाटायला बसलीयस का?" पेणच्या आमच्या रामवाडीत कोणाला दिसू नये म्हणून मी हे सगळं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला करत होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकींकडे गेले. काकी मूळच्या खाडीकडच्या, मिठागरावर राबलेल्या. आवाज खणखणीत. भरल्या घरात त्यांनी विचारलं, "जम्मूचं तिकीट काढलंस म्हनं? देवीला ना गो?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्या आळीतल्या बायका दर्शनाला जातात, लग्नाला जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात. नवऱ्याला घरी ठेवून मजा करायला कोणी जात नाही.

"हो," मी म्हटलं आणि तिळगूळ तोंडात टाकला.

देवीला निघालेल्या बाईकडे लोक काय काय पोचवायला देतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच दिवशी एकीने नारळ आणला, एकीने हिरव्या बांगड्या. मग काकी आल्या, लाल कापडात बांधलेली ओटी घेऊन. त्यांची लेक जिते गावात दिलेली. दोनदा तिचं पोटातलं गेलं होतं, आता सातवा लागला होता.

"बाळंत व्हायच्या आत देवीच्या पायाशी पोचलं पायजे," काकी म्हणाल्या. "तू चाललीस, माझा घोर मिटला."

मी ओटी घेतली. त्या क्षणी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. पाणी दिलं, चहा टाकला. त्या गेल्यावर ओटी देवघरात ठेवली आणि मग देवघराकडे बघवेना. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू चोरी करायला चाललीयस का? सांग ना सरळ."

ओटी घेऊन गेले. काकी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"काकी, मी देवीला नाही चालले. बर्फावर घसरायला शिकायला चाललेय."

"घसराय? मुद्दाम?"

"मुद्दाम."

त्या हसतील असं वाटलं होतं. नाही हसल्या. "मंग तवा व्हय कशाला म्हनलीस?"

"लाज वाटली."

"बरफाची लाज वाटली. देवीचं नाव घेताना नाय वाटली?"

मी घाईघाईने म्हटलं, "गाडी देवीच्या पायथ्याशी, कटऱ्यावरूनच आहे. एक दिवस उतरते, वर जाऊन देऊन येते."

"नको गो. देवीसाठी घर सोडलेल्या मानसाच्याच हातून गेलं पायजे. वाटंत लागली म्हनून नाय." त्यांनी हात पुसले, ओटी घेतली आणि आत गेल्या. मी मग निघाले.

बाकीच्यांचंही सामान घरोघर परत केलं. प्रत्येक दारात स्कीइंग म्हणजे काय ते समजावावं लागलं.

कँटीनमध्ये भाजी निवडणाऱ्या रोह्याच्या एका बाईचं भजनी मंडळ देवीला निघालं होतं, आमच्या आधीच. ओटी नेण्याबद्दल मी तिच्याशी बोलून ठेवलं. काकींना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "टेशनावर मला ने."

रोह्याहून आलेली मेमू पेणला थांबली. ती बाई दारातच उभी होती. काकींनी ओटी तिच्या हातात दिली, लेकीचं नाव सांगितलं, परत एकदा सांगितलं. बाईने ओटी कपाळाला लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुमी पन चला की!"

मी तोंड उघडायच्या आत काकी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ती नाय येत. ती बरफावर घसराय चाललीय, लेकीबरोबर."

डब्यातल्या बायका खिडक्यांशी येऊन बघायला लागल्या. फलाटावरचेही वळले. "हो," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं, तरी कान तापले.

गाडी सुटली. काकी तिच्याकडे बघत हात जोडून उभ्या राहिल्या. मीही जोडायला हात वर नेले आणि तसेच खाली घेतले.